पन्नाशीच्या उंबरठ्यावर साडेतीनशे सीसी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. त्यांपैकी कोल्हापूर आणि परिसरातील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या मनातल्याही निम्म्या शंका त्यात आहेत.

प्रश्न : मी एकोणपन्नास वर्षांचा असून गोकुळ शिरगाव येथील एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे स्प्लेंडर चालवली. मुले झाल्यावर चारचाकी आली आणि दुचाकी सुटली ती सुटलीच. आता थोरला नोकरीला लागला आहे, म्हणून स्वतःसाठी एक गाडी घ्यावी असे मनात आहे. कामावर जाण्या-येण्यासाठी, रविवारी पन्हाळ्यापर्यंत आणि पाऊस उघडल्यावर गगनबावडा किंवा आंबोलीपर्यंत एवढाच वापर असेल. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि सगळे मिळून अडीच लाखांच्या पुढे जायचे नाही. 350 घ्यावी की 400? मित्र म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घे, पुन्हा पुन्हा घेणे होत नाही.

उत्तर : आपले मित्र इंजिनाच्या आकाराबद्दल बोलत आहेत. आपल्याला पहिली अडचण येणार आहे ती वजनाची. आपण सोडलेली स्प्लेंडर साधारण 110 किलोची होती. आजची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ही 195 किलोची, मीटिऑर 350 ही 191 किलोची आणि हंटर 350 ही 181 किलोची आहे. होंडाची हायनेस सीबी350 सुद्धा 181 किलोच्याच घरात येते. धावत्या गाडीवर हे वजन जाणवत नाही. ते जाणवते घराच्या बोळातून गाडी मागे ओढताना, कंपनीच्या शेडमधल्या उतारावर ती वळवताना आणि पंपावर एक पाय खडीवर असताना. वीस वर्षे मोटारीचे स्टिअरिंग धरलेल्या माणसाची गाडी पहिल्या महिन्यात पडली, तर बहुतेक वेळा ती उभ्या उभ्याच पडते. त्यामुळे शोरूममध्ये गेल्यावर टेस्ट राइडच्या आधी आणखी एक गोष्ट करावी. गाडीवर न बसता, बाजूला उभे राहून, ती साइड स्टँडवरून सरळ करावी, दहा-बारा पावले मागे ढकलावी आणि पुन्हा स्टँडवर लावावी. सेल्समन हसला तर हसू द्यावे. एवढे करताना जिची धाकधूक वाटेल ती गाडी, किंमत कितीही पटणारी असली तरी, आपली नव्हे.

उंचीचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. सीटची उंची क्लासिकची 805 मिलिमीटर, हायनेसची 800, हंटरची 790 आणि मीटिऑरची 765 मिलिमीटर आहे. मात्र आकडा एकटा पुरेसा नसतो, कारण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढाच पाय आखूड पडतो. म्हणून रोजचे बूट घालून बसून पाहावे. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले आणि एक टाच जमिनीला लागली तर आपल्या उंचीला तेवढे पुरे. मीटिऑरवर पाय सहज टेकतील. पण तिच्यावर पाय पुढे ठेवून बसावे लागते, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट कमरेला बसतो. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी हे आधी अजमावावे.

आता 350 की 400. हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आवडीचा होता, आज तो बराचसा हिशेबाचा झाला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि त्यापुढच्या गाड्यांवर, ज्यांच्यावर उपकरासह 31 टक्के बसत होते, तो 40 टक्के झाला. समजा एखाद्या गाडीची करापूर्वीची किंमत 1,60,000 रुपये आहे. इंजिन 349 सीसीचे असेल तर ती शोरूममध्ये 1,88,800 रुपयांना पडेल आणि 398 सीसीचे असेल तर 2,24,000 रुपयांना. एकोणपन्नास सीसीसाठी 35,200 रुपये निव्वळ करात जातात. विम्याचीही रेघ तिथेच आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा ठरवून दिलेला हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये, तर त्यापुढे 15,117 रुपये आहे, वर जीएसटी वेगळा. आरटीओचा कर मात्र या दोघींत फरक करत नाही. महाराष्ट्रात 300 सीसीच्या पुढे सरसकट 12 टक्के आहेत, त्यामुळे जास्त किमतीवर जास्त रक्कम जाते एवढेच.

म्हणजे 400 ची गाडी वाईट, असे नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड 400 ही क्लासिकपेक्षा हलकी आहे आणि 40 पीएस ताकद देते, म्हणजे क्लासिकच्या जवळपास दुप्पट. रोज पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराड किंवा बेळगाव गाठणाऱ्या, हात बसलेल्या चालकाला मी ती आनंदाने सुचवीन. आपल्या वापरात ती ताकद कुठे खर्च होणार? पन्हाळ्याच्या चढाला साडेतीनशेची वीस बीएचपी (पीएस आणि बीएचपी ही ताकदीची जवळपास सारखीच एकके) पुरून उरते. गगनबावड्याच्या पुढच्या करूळ घाटात तर एवढीही लागत नाही. तिथे लागतो तो खालच्या गिअरमध्ये सावकाश खेचणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि तो या लांब स्ट्रोकच्या इंजिनांत भरपूर आहे.

अडीच लाखांचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. हेल्मेट, पाठ-कोपर-खांद्याला संरक्षक पॅड असलेले जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पावसाळी सूट यांसाठी वीस हजार आधीच बाजूला काढावेत. उरलेल्या दोन लाख तीस हजारांतून विमा, पासिंग आणि किरकोळ ॲक्सेसरीज यांचे पंधरा हजार वजा करावेत. शिल्लक रकमेतून 12 टक्के कर सुटा केला, की शोरूमची किंमत एक लाख नव्वद हजारांच्या आत असायला हवी, हे उत्तर येते. ही मर्यादा मनाशी पक्की करूनच शोरूमची पायरी चढावी, नाहीतर रंग आणि अलॉय व्हीलच्या नादात पंधरा-वीस हजार कधी वाढले ते कळत नाही. चालवण्याचा खर्च फारसा भिववणारा नाही. लिटरला पस्तीस किलोमीटर धरले आणि महिन्याला पाचशे किलोमीटर झाले, तर पेट्रोलला दीड हजाराच्या आसपास लागतील. स्प्लेंडरच्या आठवणीतला आकडा मात्र विसरावा.

हे सगळे पाहता माझी पसंती हंटर किंवा हायनेस यांपैकी जी हाताला आणि कमरेला मानवेल तिला आहे. क्लासिकचा मोह कोल्हापुरात कोणालाही सुटत नाही, हे जाणून आहे. तो असेल तर ढकलून पाहण्याची परीक्षा दोनदा घ्यावी.

एक बाब राहिली, आणि ती कोणत्याही शोरूममध्ये सांगत नाहीत. स्प्लेंडरचे सगळे गिअर पुढे दाबून पडतात. नव्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. डोक्याला हे पाच मिनिटांत समजते, पायाला समजायला आठवडे लागतात. साठच्या वेगात चौथ्या गिअरवर असताना, समोरच्या ट्रकला मागे टाकण्याच्या घाईत, पाय जुन्या सवयीने चवडा दाबतो. वरचा गिअर पडण्याऐवजी तिसरा पडतो, इंजिन किंचाळते आणि मागचे चाक आचका देते. टाचेचा लिव्हर असलेल्या गाडीत तर सगळेच उलटे होते : स्प्लेंडरवर टाच दाबली की गिअर उतरतो, इथे चढतो. म्हणून पहिले काही रविवार सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या मैदानात काढावेत. गिअर चढवणे-उतरवणे, चालण्याच्या वेगात आठचा आकडा काढणे आणि चाळीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबणे, एवढा सराव पुरे आहे. शेवटचा सराव विशेष महत्त्वाचा आहे, कारण ड्रम ब्रेकच्या काळात शिकलेला माणूस पायाच्या ब्रेकवर विसंबतो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यामुळे पुढचा ब्रेक जोरात दाबायला भिण्याचे कारण नाही, पण ती यंत्रणा काम करताना लिव्हरला होणारी धडधड बोटांना एकदा मैदानावर जाणवलेली असावी.

गगनबावडा आणि आंबोली पहिल्या दिवाळीनंतर करावेत, आणि परतीची वेळ सूर्यास्ताच्या आत ठेवावी. तोवर गळीत हंगाम सुरू झालेला असतो. मागे दिवा नसलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना फुटभर बाहेर आलेल्या ट्रॉल्या अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, आणि शेतातून डांबरीवर चढलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची ओली माती वळणावर पसरलेली असते.

प्रश्न : मी इचलकरंजीत शिक्षिका आहे आणि माझ्या यजमानांना त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला 350 ची गाडी घ्यायची आहे. दोन लाखांचे कर्ज लागेल. शोरूममधील फायनान्सवाले साडेसात टक्के सांगतात, तर आमची बँक अकरा टक्के. शोरूमचे कर्ज इतके स्वस्त असताना यजमान बँकेचा आग्रह का धरतात, ते समजत नाही. हप्ता तीन वर्षांचा घ्यावा की पाच?

उत्तर : आपल्या यजमानांचा आग्रह योग्य आहे. शोरूममध्ये सांगितलेला दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवरचा, हे आधी विचारावे. साडेसात हा आकडा पाहता तो फ्लॅटच असणार, असे वाटते. फ्लॅट दरात आपण मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर लागते. दोन लाखांचे साडेसात टक्के म्हणजे वर्षाला 15,000, तीन वर्षांचे 45,000 रुपये. एकूण 2,45,000 भागिले 36, म्हणजे महिन्याला सुमारे 6,806 रुपये. बँकेच्या अकरा टक्के घटत्या दराने तीन वर्षांचा हप्ता सुमारे 6,548 रुपये बसतो आणि एकूण व्याज 36,000 च्या आत राहते. साडेसात टक्के अकरापेक्षा महाग पडतात ते असे. कोणी अकरा टक्केच फ्लॅट सांगितले, तर त्याचा खरा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो.

दर विचारण्यापेक्षा तीन आकडे कागदावर लिहून मागावेत : हातात मिळणारी नेमकी रक्कम, मासिक हप्ता आणि हप्त्यांची संख्या. प्रोसेसिंग फी, कर्जाला जोडून गळ्यात मारलेली विमा पॉलिसी आणि ‘फाइल चार्ज’ हे सारे या तीन आकड्यांत उघडे पडते. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही त्याच कागदावर असावे.

पाच वर्षांचा हप्ता 4,348 रुपयांच्या जवळ येतो, तो हलका वाटतो खरा. पण व्याज जवळजवळ 61,000 पर्यंत जाते, म्हणजे पंचवीस हजार जादा. हौसेच्या गाडीला पाच वर्षांचे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांचा हप्ता घरखर्चाला जड होत असेल तर वर्षभर तेवढीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकून पाहावी. बारा महिने ती न चुकता भरली गेली, तर डाउन पेमेंटला ऐंशी हजारांच्या आसपास हाताशी येतील आणि कर्ज सव्वा लाखाच्या पुढे जाणार नाही. वाढदिवस एक वर्ष उशिरा साजरा होईल, इतकेच.

प्रश्न : जयसिंगपुरातील एका ओळखीच्या व्यक्तीकडून 2018 ची साडेतीनशेची गाडी ऐंशी हजारांत मिळत आहे. फक्त अठरा हजार किलोमीटर फिरली आहे, रंग चकचकीत आहे, फायरिंग उत्तम आहे. नव्यापेक्षा निम्म्याहून कमी पैसे जातील. घ्यावी का?

उत्तर : बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्या चालकाला जुनी गाडी घेण्याचा सल्ला मी नेहमी देतो, कारण पहिले ओरखडे जुन्या गाडीवर पडलेले परवडतात. पण आपल्या जिल्ह्यात 2018 च्या गाडीला किलोमीटरच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो : ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये ती कुठे उभी होती? या दोन्ही महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी आणि शिरोळ तालुक्यात गावेच्या गावे पाण्याखाली गेली, आणि घरापुढच्या दुचाकी बाहेर काढायला कोणाला सवड मिळाली नाही. त्यांतल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून, रंग मारून पुन्हा रस्त्यावर आल्या. मालक लबाड असेलच असे नाही. त्यालाही ती तशीच मिळालेली असू शकते.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी रंग आणि फायरिंग यांचा काही उपयोग नाही. आपल्या ओळखीचा फिटर सोबत न्यावा, मालकाच्या परवानगीने हेडलाइटची वाटी उघडावी आणि आत, वायरिंगच्या जुडग्यामागे, बोट फिरवावे. धुण्याचे पाणी तिथपर्यंत पोचत नाही. पुराचा बारीक, राखाडी गाळ तिथे वर्षानुवर्षे चिकटून राहतो. तसाच तो सीटखाली बॅटरीच्या पेटीच्या कोपऱ्यात आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सापडतो. वायरींचे दोन-तीन कनेक्टर ओढून पाहावेत. तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ती गाडी पावसाळ्यात नेमकी घाटात बंद पडणार. टाकीचे झाकण काढून टॉर्चने आतला गंज पाहावा आणि मेन स्टँडवर दोन्ही चाके हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी. यांतली एकच खूण आढळली तर ती सोडून द्यावी असे नाही, पण दोन आढळल्यास ऐंशी काय, पन्नास हजारांतही घेऊ नये.

गाळाची परीक्षा पार पडली, तर पुढचे सोपे आहे. इंजिन गार असतानाच चालू करायला सांगावे; आपण पोचण्याआधी ते तापवून ठेवले असेल तर ते का, हे विचारावे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. तिथे 18 दिसले तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी दोन्ही टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. एबीएस 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, त्यामुळे या गाडीला ते नसण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या दृष्टीने, परतणाऱ्या चालकासाठी, हीच या सौद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. शिवाय 2018 ची गाडी बीएस-4 या जुन्या प्रदूषण निकषांच्या काळातली असून 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि रबरी भाग तपासून घ्यावेत.

कागदपत्रांत आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ई-चलनाची थकबाकी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट, जी 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना बसवून घ्यावी लागते, हे दोन्ही मालकाकडून पूर्ण करून घ्यावे. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावर विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही, म्हणून विम्याचा हप्ता त्याने सांगितल्यापेक्षा थोडा जास्त येईल.

अंतिम मत विचाराल, तर एबीएस असलेली, 2020 नंतरची आणि पुराची पातळी न लागणाऱ्या भागातली गाडी शोधावी, त्यासाठी तीस-चाळीस हजार जास्त पडले तरी चालतील.

प्रश्न : मी बावन्न वर्षांचा आहे. माझ्या लायसनची मुदत 2023 मध्ये संपली. ते नूतनीकरण करून घेतले की गाडी घ्यायला मोकळा, हे बरोबर ना? आणि माझ्या पत्नीकडे स्कूटरचे लायसन आहे, तिला माझी मोटारसायकल चालवता येईल का?

उत्तर : मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटला असल्यामुळे केवळ फी भरून काम होणार नाही, वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागेल. चाळिशी ओलांडलेली असल्याने डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-ए सुद्धा लागेल. पन्नास ते पंचावन्न या वयात नूतनीकरण झालेले लायसन वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत चालते. पत्नीच्या लायसनवर ‘विनागिअर’ एवढाच वर्ग असेल तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी आधी शिकाऊ लायसन काढून मग तो वर्ग जोडून घ्यावा लागतो. दोघांनी चाचणी एकाच सुमारास द्यावी आणि दोन्ही लायसन हाती आल्यावरच गाडीचे बुकिंग करावे, कारण वैध लायसन नसताना अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.